क्षयरुग्ण मुरारी यांचे हार्दिक अभिनंदन

मु. महाळुंगे
(चाकणजवळचं. बाणेरजवळचं नव्हे. मागच्या खेपेला मामींचा लोणच्याचा डबा आधी तिकडे जाऊन आला.)

तीर्थस्वरूप चिमाजीमामांच्या पायाशी भाचा मुरारीचा साष्टांग नमस्कार. रुक्मिणीमामींनाही नमस्कार पोचवावा, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर पोचवावा, म्हणजे 'काय लिहिलंय, काय लिहिलंय' म्हणून त्या मधेच हातातून ओढणार नाहीत. मी इथे खुशाल आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात, पण मी ते पुष्कळ विचार करून लिहिलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? त्या लातूरच्या वैद्याचं तेल लावता का? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? (झालं असेल तर हे पत्र त्याच आधी वाचतील, म्हणून अजून झालं नसावं असं मनात येतं. क्षमा असावी.)

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मामा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि मग मामींपासून गिरणीवाल्यापर्यंत सगळी आळी माझ्याशी बोलते. मागे मी पगारवाढीचं हळूच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तीन जणांचे उसन्यासाठी फोन आले. म्हणून पत्र.

गंगाखेडच्या पाहुण्यांनी सोयरीक मोडली हे तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, 'मुरारी, तू आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं,' आणि फोन ठेवलात. तेव्हापासून मी विचार करतो आहे की मी काय सांगायला पाहिजे होतं? मला काही झालेलंच नाही. पण काही झालेलं नाही हे सांगायला किती पानं लागतात ते आज लिहायला बसल्यावर कळतंय. शिवाय मुलगी मला पसंत होती. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही; तुम्ही आणि तिचे वडील सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होतात.

तर सुरुवात कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. त्या दिवशी जेवणात ताक होतं. (आमच्याकडे ताक आठवड्यातून एकदा असतं आणि आमच्या लाइनची माणसं जेवायला येईपर्यंत संपतं.) एचआरच्या मॅडम माइक घेऊन उभ्या होत्या. त्या नेहमीच काहीतरी सांगत असतात, हेल्मेट घाला, हात धुवा, एकमेकांशी गोड बोला, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. ताकवाल्याला दिसावं म्हणून मी हात वर केला. त्याबरोबर सगळ्या कँटीनने टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, 'व्हेरी गुड! एक तरी माणूस पुढे आला!' माझा फोटो काढला, पाठ थोपटली, नाव लिहून घेतलं. ताक मिळालं नाही.

संध्याकाळी कळलं की मी निक्षय मित्र झालो. मी ते 'निश्चय मित्र' असं ऐकलं आणि दारू सोडवण्याचं काहीतरी असेल असं समजलो. आपण कधी थेंब घेतला नसताना लोकांनी आपल्यासाठी टाळ्या का वाजवाव्यात, हे दोन दिवस मनाला लागून राहिलं. मग मंजुषाताई आल्या. या आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघर हिंडून कुणाला ताप आहे, कुणाचा खोकला जात नाही, कोणत्या बाळाचा डोस राहिला हे पाहणाऱ्या. त्यांनी दारातच उभ्याने समजावलं. क्षयाच्या गोळ्या दवाखान्यात फुकट मिळतात, पण इथे एकेका खोलीत सात-सात जण राहतात, चहा-बिस्किटावर शिफ्ट काढतात. अशा माणसाला नुसत्या गोळ्यांनी कुठून बळ येणार? म्हणून ज्याला जमेल त्याने एका रुग्णाला दर महिन्याला डाळ, शेंगदाणे, तेल, कडधान्य असं द्यायचं. देणारा तो मित्र. आता मी ताकासाठी हात वर केला होता हे त्यांना सांगायची सोय राहिली नव्हती. मी बाजारातून सामान आणलं, एकेका पिशवीत भरलं, प्रत्येकीवर आपल्याकडच्यासारखी सुतळीची दुहेरी गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिलं. कुणाला जाणार, विचारलं. त्या म्हणाल्या, 'नाव सांगत नसतात, दादा.' मला ते फार बरं वाटलं. आपण दिलं, कुणाला ते माहीत नाही, विषय संपला.

विषय संपला असता, पण सोनबाशेठ मधे आले. सोनबाशेठ म्हणजे आमचे घरमालक, इथले मूळचे. पूर्वी कांदा करायचे. आता त्या शेतात कंपनी उभी आहे आणि उरलेल्या तुकड्यावर आमच्या खोल्यांच्या दोन रांगा. माणूस मनाने मोठा आहे, पण त्यांना पुढच्या पंचायतीला उभं राहायचं आहे आणि त्यासाठी चौकात सतत फोटो दिसावा लागतो. स्वतःचा वाढदिवस वर्षातून एकदाच येतो, म्हणून ते दुसऱ्यांच्या आनंदाच्या शोधात असतात. आपल्या भाडेकरूने पुण्यकर्म केलं, हे कळल्यावर त्यांनी मला न विचारता फ्लेक्स करायला टाकला. त्यांनी लिहून दिलेला मजकूर बरोबर होता: 'क्षयरुग्णांचे मित्र श्री. मुरारी विश्वंभर नागरगोजे यांचे हार्दिक अभिनंदन'. पण अर्ध्या फ्लेक्सवर सोनबाशेठचा फोटो (फेटा बांधून, मोबाइलवर बोलताना), राहिलेल्या अर्ध्यात माझा (तुमच्या धाकट्या बंडूच्या लग्नातला, गॉगल घातलेला), आणि आपलं आडनाव हे असं लांबलचक. अक्षरं बसेनात. छापणाऱ्या पोराने 'मित्र' काढला. मग 'क्षयरुग्णांचे श्री. मुरारी' असं राहिलं, ते त्याला व्याकरणात चुकीचं वाटलं. म्हणून त्याने व्याकरण सुधारलं.

सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना कंपनीची बस चौकात थांबली आणि मी वर पाहिलं. 'क्षयरुग्ण श्री. मुरारी विश्वंभर नागरगोजे यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली 'शुभेच्छुक: सोनबाशेठ मित्रपरिवार'. मी बसमधून उतरलो तो पळत सोनबाशेठकडे. ते दात घासत होते.

'शेठ, अहो काय लावलंय ते चौकात!'

'झ्याक आलाय ना फोटू?'

'मला क्षयरुग्ण केलंय!'

त्यांनी चूळ भरली, शांतपणे विचार केला. 'आरं, पर अभिनंदन लिव्हलंय न्हवं? शिवी तर न्हाई दिली.'

'लोक काय समजतील?'

'वाचतंय कोन? लोकं फोटू बगत्यात. आन् चार दिसांनी आमच्या भाच्याचा वाढदिवस हाय, त्याचा फ्लेक्स त्याच्यावरच लागंल. आपसूक झाकशील.'

मामा, लोक वाचतात. आणि आपल्या तालुक्याची निम्मी पोरं चाकणला आहेत. त्यांतल्या कुणीतरी फोटो काढून स्टेटसला ठेवला (खाली दोन हात जोडलेले), तो अहमदपूर, किनगाव करत गंगाखेडला पोचला. भाच्याचा वाढदिवस व्हायच्या आत माझी सोयरीक मोडली होती.

इथे काय झालं ते ऐका. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना. (एक सांगतो, तीन वर्षांत पहिल्यांदा मला खिडकी मिळाली आणि पाय पसरता आले.) लाइनवर माझा पाना कुणी मागेना. गवरामावशी म्हणून आहेत, त्यांच्या खानावळीत आम्ही वीस-पंचवीस जण जेवतो. तोंडाने फाटक्या पण हाताला चव अशी की गावाकडची आठवण यावी. त्यांनी माझं ताट वेगळं केलं, त्याला खिळ्याने फुली मारली आणि मला उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसवलं. पण त्याच मावशी त्या फुलीच्या ताटात दोन अंडी जास्त घालायच्या. मला काही उमजेना. जी माणसं मला पाहून तोंडाला रुमाल लावत, तीच दारात केळी ठेवून पळून जात. शेजारच्या बिहारी पोरांनी सत्तूची पिशवी खिडकीतून आत टाकली, ती माझ्या डोक्यावर पडली. मी प्रत्येकाला सांगत होतो की मला काही झालेलं नाही. जितकं सांगावं तितकी त्यांची खात्री होई. 'असं लपवू नये, भावा,' म्हणत माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे यायचा आणि अर्ध्यात आठवून हात मागे घ्यायचा. आता आरशात पाहिलं तर मलाच वाटायला लागलं की चेहरा जरा उतरलाय. रात्री पडल्या पडल्या मी मुद्दाम खोकून पाहायचो की कसं वाटतं.

शेवटी कंपनीच्या सेफ्टीच्या साहेबांनी मला तपासणीला पाठवलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. दोन्ही स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, 'तुम्ही कशासाठी आलात?' मी म्हणालो, 'फ्लेक्समुळे.' त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

तो कागद घेऊन मी नाचत सोनबाशेठकडे गेलो. त्यांनाही मनापासून आनंद झाला. इथेच माझी चूक झाली, मामा. त्यांना आनंद झाला की काय होतं हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चौकात नवीन फ्लेक्स: 'क्षयमुक्त मुरारी विश्वंभर नागरगोजे यांचे हार्दिक अभिनंदन'. या वेळी अक्षरं बरोबर बसली होती. म्हणजे पंधरवड्याच्या आत आजारी पडून ठणठणीत बरा झालेला असा या पट्ट्यातला मी एकमेव माणूस झालो. लोक डॉक्टरचं नाव विचारू लागले. एकजण म्हणाला, अंगारा कुणाचा होता? बसमध्ये खिडकी गेली.

मी ठरवलं, पुरे झालं. सोनबाशेठकडून तिसरा फ्लेक्स लावून घ्यायचा, 'मुरारी यांना कधीही काहीही झाले नव्हते', खाली पाहिजे तर त्यांचा फोटो दुप्पट. ते तयारही झाले. (ते फ्लेक्सला कधीच नाही म्हणत नाहीत.)

त्याच दिवशी गणराज आला. गणराज माझ्यापासून तिसऱ्या खोलीत राहतो, संगमेश्वरकडचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. धिप्पाड गडी, फोर्कलिफ्ट बंद पडली तर हा स्वतः उचलेल असं आम्ही गमतीने म्हणायचो. आला, दार लोटलं आणि माझ्यापुढे शेंगदाण्यांची पिशवी ठेवली. 'घे, आजारातून उठलायस, ताकद हवी.' मी पिशवी हातात घेतली आणि माझे हात तसेच राहिले. वर सुतळीची दुहेरी गाठ होती. माझी गाठ. आपल्याकडे पोतं बांधतात तशी. इथे कुणाला ती येत नाही. पिशवी सोडलेलीसुद्धा नव्हती.

(पुढच्या काही ओळी मामी जवळ असतील तर मनातल्या मनात वाचाव्यात.)

'एक विचारू काय?' गणराज म्हणाला.

'विचार.'

'तुझी पण लाल व्हायची काय रे?'

'काय लाल?'

त्याने दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला. 'लघवी.'

मला काहीच कळेना. तो खाली मान घालून बोलत राहिला. गोळ्या सुरू केल्या तसं हे सुरू झालं, दोन आठवडे कशाबशा घेतल्या. त्याला वाटलं रक्त जातंय, गोळ्यांनी आतडी कापली. कुणाला विचारायची सोय नाय. कंपनीत कळलं तर काम जाईल, खोलीत कळलं तर खोली, घरी कळलं तर बायको रडून जीव देईल. म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या आणि पिशव्या पलंगाखाली ढकलल्या. 'तुझा फ्लेक्स बघितला. म्हटलं, हा एकटा मर्द. नाव लावून, फोटो लावून सांगतो. ह्याला विचारू या.'

माझ्या जिभेवर आलं होतं की, गणराज, मला कधी काही झालंच नव्हतं. पण त्याच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली दिसली. एवढ्या जवळून मी त्याला त्या महिन्यात पाहिलंच नव्हतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर तो उठून गेला असता आणि पुन्हा कुणाला विचारलं नसतं.

मी म्हणालो, 'व्हायची.'

'लाल?'

'लाल. काही होत नाही.'

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की दारावरचं कॅलेंडर हललं. आणि तो गेल्यावर मला घाम फुटला. आपण कशाला हो म्हणून बसलो? खरंच रक्त असेल तर? धावत मंजुषाताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, तो औषधाचाच रंग असतो, रक्त नव्हे, भिण्याचं कारण नाही. पण मधेच गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. मग एकदम थांबल्या. 'कोण विचारत होतं, दादा?' मी चपलेचा अंगठा नीट करू लागलो. त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, 'एक माणूस आहे, मी रोज त्याच्या दाराशी जाते, तो आत असून कडी काढत नाही. फोन उचलत नाही. तो तुमच्याकडे स्वतःच्या पायाने आला?' मी त्यांना विचारलं, आता मी काय करू, माझं लग्न मोडलंय, मला खरं सांगायचंय. त्या म्हणाल्या, 'तुम्ही खोटं बोला असं मी कसं सांगू? पण तुम्ही थोडे दिवस गप्प बसलात, तर माझी तक्रार नाही.'

दुसऱ्या दिवशी गणराज त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. रोज कामावर जाताना माझ्या खिडकीवर टकटक करतो आणि बोटाने दाखवतो की घेतली. मी पण बोट दाखवतो. त्याला वाटतं मी माझी घेतली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निभावून नेलं असतं. पण मग गवरामावशी डब्याचं झाकण मागायला आल्या. झाकण त्यांच्या हातातच होतं. बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, सुनेला शिव्या घातल्या आणि म्हणाल्या, 'लेकरा, तुला कसं रं कळलं व्हतं, तुला त्ये झालंय ते?'

'का, मावशी?'

'न्हाई, आपलं इचारलं. मला जरा खोकला हाय. शिमग्यापास्नं.'

मामा, मी पंचवीस माणसांचा विचार केला. मग माझाही केला. म्हणालो, 'चला, तपासून घेऊ.' त्यांनी पदर तोंडात धरला. 'कुनी बगितलं तर? उंद्या जेवायला यील का कुनी माज्याकडं? मी तुजं ताट येगळं केलं, रं. मला ठावं हाय लोकं काय करत्यात.' शेवटी तोड निघाली ती अशी, की मी पुढे उभं राहायचं, त्यांनी मागे. कुणी विचारलं तर म्हणायचं, पोराबरोबर आलेय. तसं आम्ही गेलो. मी रांगेत उभा राहून त्यांना धीर यावा म्हणून अधूनमधून खोकत होतो. नेमका तेव्हा आमच्या लाइनचा सुजित मोटरसायकलवरून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या शिफ्टला कळलं की मुरारीचं उलटलं. खिडकी परत मिळाली.

मावशींचं निघालं. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या; मावशी रडू शकतात हे मला माहीत नव्हतं. 'माजी चूल इझली,' म्हणाल्या. मी म्हणालो, 'मावशी, माझ्याकडे बघा. मी कामावर जातो, जेवतो, चालतो-फिरतो. माझं काय विझलं?' त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं की मी फार मोठ्या दुखण्यातून उठलोय.

डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या लागू पडेपर्यंत सुरुवातीचे काही दिवस तोंड बांधून, माणसांपासून जरा लांब, मोकळ्या हवेत राहायचं. आणि खानावळीतल्या सगळ्यांची तपासणी करायची. तपासणीचं मंजुषाताईंनी 'नागरगोजेंमुळे सगळ्यांची' असं सांगून उरकलं. (म्हणजे तेही माझ्यावर आलं. देवाच्या दयेने बाकी कुणाचं काही निघालं नाही.) आणि स्वयंपाक? तो गणराज (त्याला डॉक्टरांनी आता मुभा दिली आहे) आणि मी करतो. मावशी अंगणात कडुलिंबाखाली बसून लांबून हुकूम सोडतात. लोकांना सांगितलंय की त्यांनी दाढ काढली म्हणून तोंड बांधलंय. दाढ काढलेली बाई एवढं कशी बोलते, हे अजून कुणी विचारलेलं नाही. पहिल्या दिवशी आमच्या भाकरी पाहून मावशी ओरडल्या, 'आरं, भाकर हाय का ब्रेकची प्लेट?' गणराज एवढा हसला की मला भीती वाटली. पण खोकला आला नाही.

सोनबाशेठना मी तिसरा फ्लेक्स रद्द करायला सांगितलं. ते वैतागले. 'आधी म्हनतो रुग्ण न्हाई. मग म्हनतो मुक्त न्हाई. आता म्हनतो काय बी लिवू नगा. मर्दा, तू नेमका हायस तरी काय?'

तर आता विनंती एवढीच. गंगाखेडला तुम्ही स्वतः जावं. फोन नको. तिच्या वडिलांसमोर बसून सांगावं की पोराला काही नाही, कधीच नव्हतं, हा सगळा अक्षरं न बसल्याचा प्रकार आहे. दवाखान्याच्या कागदाचा फोटो तेव्हा बंडूच्या मोबाइलवर पाठवीन, तो दाखवावा. तुमच्या शब्दाला तिकडे मान आहे. गुडघा दुखत असेल तर बंडूला गाडी घेऊन न्यावं, पण त्याला बोलू देऊ नये.

मामींना, बंडूला आणि तुमच्या ओट्यावर बसणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार. जपून असावं.

तुमचा भाचा,
मुरारी

ता. क. इथून कुणाचा फोन आला, म्हणजे सोनबाशेठ, गणराज नावाचा कोकणी माणूस किंवा खणखणीत आवाजाची एक बाई, आणि त्यांनी विचारलं, तर मात्र सांगावं की हो, आमच्या मुरारीला होतं, फार होतं, गोळ्यांनीच बरा झाला. गंगाखेडला नव्हतं, महाळुंग्याला होतं. कृपा करून उलटं करू नये. एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवावं.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे.

आज दुपारी सुटी होती, भात चढवला होता, तर फोन आला. 'मी दिव्या बोलतेय. गंगाखेडहून.' मी पळी हातात घेऊनच बाहेर आलो. ती म्हणाली, 'लग्नाचं बोलायला केला नाही. तुम्हाला एक विचारायचं होतं. सुरुवातीला मळमळतं, ते थांबतं का हो पुढे?'

मी म्हणालो, 'कुणाला मळमळतंय?'

मागे कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाली, 'मला.'

तिला क्षय असल्याचं कळलं तेव्हा आपली सुपारी फुटायची होती. घरच्यांना सोयरीक मोडायची होती, पण काय सांगून मोडावी ते सुचेना. तेवढ्यात माझा फ्लेक्स आला. तिचे वडील म्हणाले, देवच धावला, कारण त्यांच्याकडून मिळालं. ती म्हणाली, 'इथे मला शेजारणीला पण सांगू देत नाहीत. आणि तुमचं चौकात, एवढ्या मोठ्या अक्षरांत. गॉगल घालून.' ती हसली, मामा. मग म्हणाली की दोन्ही फ्लेक्सचे फोटो तिने ठेवले आहेत, गोळी घेताना बघते.

मी तिला सांगितलं, मावशींना पण मळमळायचं, आठवड्यात कमी झालं. पण नाहीच थांबलं तर अंगावर काढायचं नाही, दवाखान्यात सांगायचं. गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही. लाल रंगाचंही सांगणार होतो, पण पहिल्याच फोनवर कसं सांगावं ते कळेना. तिने विचारलं, 'तुम्ही एकट्याने कसं काढलं हे?' मी म्हणालो, 'एकटा नव्हतो. आम्ही तिघं आहोत.' यात खोटं काही नाही ना, मामा? मी खूप वेळ विचार केला. भात लागला.

तेव्हा वरची विनंती खोडली असं समजावं. गंगाखेडला जाऊ नये. मला काही नव्हतं हे तिकडे कुणालाही, बंडूलासुद्धा, सांगू नये. ते मी तिला एक दिवस समोर बसून सांगेन. ती रागावली तर रागावली. तिचं हे तुम्हाला लिहिलंय ते तुमच्यापुरतंच ठेवावं.

आणि मामींनी परळीची जी दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे असं ऐकतो, त्यांना माझा निरोप द्यावा की इतक्यात नको. का, ते सांगू नये. कोर्स सहा महिन्यांचा असतो. मला काही घाई नाही.